चौकशीच्या खिडकीतले काका

आमच्या गाळ्याच्या मालकांना समोरच्याचं बोलणं संपलं की "पुढचा!" म्हणायची सवय होती. भाजीवालीशी घासाघीस करून मेथीची जुडी पिशवीत पडली की "पुढचा!" डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या की खुर्चीतून उठता उठता डॉक्टरांनाच "पुढचा!" काकू सांगायच्या, एकुलत्या एका लेकीच्या लग्नात शेवटच्या अक्षता पडल्या, वाजंत्री सुरू झाली आणि हे भर मांडवात मोठ्यानं म्हणाले, "पुढचा!" व्याही त्यानंतर दोन वर्षं यांच्याशी धड बोलले नाहीत.

त्यात काकांचा दोष नव्हता. त्यांनी जन्मभर कल्याणच्या बस डेपोत चौकशीच्या खिडकीत बसून नोकरी केलेली. मधे दोनदा बढती चालून आली, तीही त्यांनी नाकारली, कारण बढतीनंतर टेबल आतल्या खोलीत मिळणार होतं. "आत बसून काय करू? तिथे कोणी काही विचारत नाही," असं त्यांनी साहेबांना सांगितलं म्हणे. निवृत्त झाले आणि डोंबिवली पूर्वेला दुसऱ्या मजल्यावरच्या घरात येऊन बसले. खाली तळमजल्यावर त्यांचा एक गाळा होता. त्या गाळ्याची चौकशी करायला मी गेले.

मी तेव्हा भलतीच उत्साहात होते. त्याआधी आमच्याकडे सासरे घसरून पडले होते. कंबरेचं हाड मोडलं. हॉस्पिटलमधून घरी आणायचं म्हटल्यावर वर-खाली होणारा पलंग लागणार होता, आणि तो कुठे मिळतो हे शोधण्यात आम्ही दोन दिवस काढले. सासरे बिचारे दिवाणावर कण्हत, आणि आम्ही चौघं चार मोबाइल घेऊन त्यांच्याभोवती. तेव्हाच माझ्या डोक्यात किडा शिरला, की हे काम आपण करायचं. पलंग, चाकाच्या खुर्च्या, गाद्या, सगळं भाड्यानं, घरपोच, त्याच दिवशी. माजिवड्याच्या ऑफिसातली अकरा वर्षांची नोकरी मी सोडायला निघाले. आमचे सर भले माणूस. म्हणाले, "अक्षय तृतीयेपर्यंत तुमच्या जागेवर कोणाला घेत नाही. नाही जमलं तर परत या, लाजू नका."

घरात मीच शर्त घातली. पाडव्याला दुकान आणि वेबसाइट सुरू करायची, आणि अक्षय तृतीयेपर्यंत ओळखीबाहेरच्या एका तरी माणसानं, आम्हाला शोधून, आपणहून फोन केला पाहिजे. मावशी-आत्याचे फोन धरायचे नाहीत. ते कौतुकानं येतातच. एक अनोळखी फोन आला तर धंदा, नाही आला तर मी मुकाट माजिवड्याला परत. नवरा म्हणाला, "एकच फोन?" मी म्हटलं, "एक आला तर शंभर येतील."

आता हे सगळं वेबसाइटवर का अडलं होतं, तर ज्याच्या घरात माणूस अंथरुणाला खिळलंय तो दुकानं फिरत नाही. तो पलंगाशेजारी बसून मोबाइलमध्ये शोधतो. त्या शोधात आपण पहिल्या पाचात दिसलो तर आपण आहोत, नाहीतर आपण नाहीच.

हे मी काकांना पहिल्या भेटीत सांगितलं. ते दाराशी उभे, बनियनवर, शर्ट हातात.

"काय विकणार?" त्यांनी विचारलं.

"विकणार नाही, भाड्यानं देणार. पेशंट केअर इक्विपमेंट. हॉस्पिटल बेड, व्हीलचेअर, एअर मॅट्रेस..."

"एअर काय?"

"म्हणजे हवेची गादी. पेशंटच्या पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून."

"मग तसं म्हण ना. पुढचा!"

गाळा मिळाला हे मला काकूंनी खुणेनं सांगितलं.

मग गाळ्याच्या काचेला वर्तमानपत्रं चिकटवली आणि आत टेबल टाकून मी एका तयार साच्यात वेबसाइटची पानं लिहायला बसले. ऑफिसात हे काम करणारी माणसं माझ्या शेजारी बसायची, त्यामुळे मला निम्मं येत होतं आणि उरलेलं येतंय असा आत्मविश्वास होता. रोज चारच्या ठोक्याला काका स्वतःचं स्टूल आणि चहाची किटली घेऊन खाली यायचे. गाळ्यात खुर्च्या होत्या, पण त्यांना पाठ असलेली खुर्ची चालत नसे. "पाठ टेकली की माणूस उत्तर द्यायला आळस करतो," म्हणायचे.

त्यांच्याकडे मोबाइलही नव्हता. तिसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं, "हे तू लिहितेस ते लोकांना कळणार कसं?" मी सर्च म्हणजे काय ते समजावू लागले, की लोक मोबाइलमध्ये शब्द टाकतात, मग मशीन जगभरची पानं चाळून त्यातली बरी पानं वर दाखवतं.

"म्हणजे आत एक खिडकीवाला बसलाय."

"माणूस नसतो हो काका, मशीन असतं."

"असेना. लोक त्याला विचारतात, तो सांगतो. त्याला तुझं दुकान माहीत पाहिजे, तुझ्याकडे काय आहे ते कळलं पाहिजे, आणि तू लबाडी करत नाहीस याची खात्री पाहिजे. एवढंच ना?"

माझा नवरा इंजिनिअर आहे. त्याला जे सहा महिन्यांत समजलं नव्हतं ते या माणसाला एका कप चहात समजलं. मी अक्षरशः टाळी वाजवली. काका म्हणाले, "टाळ्या कसल्या वाजवतेस? यादी दाखव."

लोक काय शब्द टाकून शोधतील याची मी यादी केली होती. सगळी इंग्रजी, ऐटबाज. काकांनी चष्मा पुसून ती वाचली आणि विचारलं, "हे कोण बोलतं?"

"लोक."

"कोणते? एकाचं नाव सांग."

मी पुन्हा म्हटलं, "लोक." ते यादी उलटी ठेवून वर निघून गेले.

दुसऱ्या दिवसापासून काका सकाळी नऊला घरून निघू लागले. खांद्याला डेपोतली जुनी पिशवी, खिशात दोन पेनं, एक निळं, एक लाल. आधी मला वाटलं फिरायला जातात. मग आमच्या नाक्यावरच्या औषधवाल्यानं मला गाठलं. "मॅडम, ते तुमचे काका काय सरकारी चेकिंगला असतात काय? तीन दिवस झाले, दुकानासमोर उभे राहून काहीतरी लिहून घेतायत. मी त्यांना कोल्ड्रिंक दिलं तर घेतलं नाही. खुर्ची दिली, बसले नाहीत. मी सगळी बिलं काढून ठेवलीयत!" मी त्याला खरं सांगितलं, तेव्हा त्याचा जीव भांड्यात पडला. मग मात्र गिऱ्हाईक गेलं की तो स्वतःच ओरडून काकांना सांगू लागला, "काका, लिहा, याला बसायचं भांडं पायजे होतं!"

काका हॉस्पिटलांच्या बाकांवरही बसायचे, कोणी हटकलं तर पाय दुखतात म्हणायचे. तीन आठवड्यांनी त्यांनी डायरी माझ्यापुढे ठेवली. निळ्या पेनानं लोक बोलले ते, जसंच्या तसं. "वडिलांना बसतं करायला काही मिळतं का." "उशा लावून लावून थकलो." "आईला कूस बदलता येत नाही, पाठ सोलवटली." "पलंगाला कठडा पायजे, बाबा रोज पडतात." आणि खाली लाल पेनानं, त्या माणसाला खरं काय हवं होतं ते. "एकटी आहे, उचलवत नाही." "मुलगा परदेशी, लाज वाटते मागायला." "आज मिळेल का, एवढंच."

ही लाल शाई त्यांनी डेपोतून आणली होती. ते सांगायचे, की खिडकीशी येणारा विचारतो एक आणि त्याला हवं असतं दुसरंच. एक बाई विचारायची, मुरबाडची गाडी किती वाजता. तिला वेळ नको असायची. अंधार पडायच्या आत घरी पोचेन का, हे हवं असायचं. काका सांगायचे, "पोचाल. पावणेपाचची घ्या." आधी "पोचाल", मग वेळ. "उत्तर पहिल्या ओळीत. मागे लाइन आहे," हे त्यांचं आवडतं वाक्य. काकूंनी आमटी कशी झालीय विचारलं तरी ते आधी "चांगली" म्हणत आणि मग मीठ कमी असल्याचं सांगत.

डायरी वाचून माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि लगेच मी भांडले. कारण त्यांचं म्हणणं होतं, की हवेच्या गादीच्या पानाला नाव द्यायचं, 'कूस बदलता येत नसेल तर हवेची गादी'. मी म्हटलं, "काका, असं कुठे नाव असतं का? जरा बरं दिसायला नको? सगळे इंग्रजीत लिहितात."

"सगळे ज्या खिडकीत बसलेत तिथे तू कशाला बसतेस? अगं, अडचणीतला माणूस शुद्ध बोलत नाही. आणि साहेबी तर नाहीच नाही."

"मग लोक हसतील आम्हाला."

"ज्याची आई कुशीवर वळत नाही तो हसणार नाही."

मला राग आवरला नाही. मी म्हटलं, मला बारा वर्षांचा... नाही, अकराच, पण अकरा वर्षांचा अनुभव आहे. काका किटली उचलून गेले. दोन दिवस चहा आला नाही. तिसऱ्या दिवशी मीच वर गेले आणि सांगितलं, की मी दोन्ही पानं केली आहेत, एक इंग्रजी नावाचं आणि एक कुशीचं. ते लगेच खुलले. म्हणाले, "बरोबर. गाडीला नंबरही असतो आणि पाटीही असते. नंबर साहेबासाठी, पाटी माणसासाठी. चल, पुढचा!"

मग काय विचारता! आमच्या अंगात वारंच शिरलं. दिवसाला दोन-दोन पानं. माझ्या पहिल्या पानाची सुरुवात होती, 'रुग्णसेवेच्या उदात्त हेतूने प्रेरित होऊन...' काकांनी ती ओळ वाचली आणि मागे वळून बघितलं. मी विचारलं काय बघता, तर म्हणाले, "मागची लाइन बघतोय. सगळे गेले घरी." ती ओळ गेली. तिथे आलं, 'हो, मिळते. डोंबिवली, कल्याण, ठाणे आणि आसपास त्याच दिवशी घरी आणून लावून देतो.' प्रत्येक पानाची पहिली ओळ 'हो' नं सुरू करायची, हा त्यांचा हट्ट. जे आमच्याकडे नव्हतं त्याचंही पान त्यांनी करायला लावलं. त्याची पहिली ओळ 'नाही, आमच्याकडे मिळत नाही', आणि खाली कुठे मिळेल ते. मी म्हटलं, हे दुसऱ्याचं गिऱ्हाईक वाढवणं झालं. ते म्हणाले, "ज्यानं खरं 'नाही' सांगितलं त्याच्याकडेच माणूस पुन्हा विचारायला येतो."

पान किती लवकर उघडतं हे तपासायला ते काकूंचा जुना मोबाइल घेऊन जिन्याच्या वळणावर उभे राहायचे. आमच्या इमारतीत तिथे रेंज सगळ्यात कमी. तिथून मोठ्यानं मोजायचे, "एक... दोन... तीन... चार..." पाच म्हटलं की माणूस दुसऱ्या खिडकीत गेला असं समजायचं. मी पलंगांचे मोठे झकपक फोटो टाकले होते, ते नऊला उघडत. लहान केले, सातला आले. आणखी लहान केले. ज्या दिवशी तीनला पान उघडलं त्या दिवशी जिन्यातून एवढ्या जोरात "पुढचा!" ऐकू आलं, की पहिल्या मजल्यावरच्या बाई दार उघडून बाहेर आल्या.

याच दिवसांत काकूंनी मला पाटीची गोष्ट सांगितली. डेपोत जेवायला जाताना खिडकीला एक लाकडी पाटी लावायची पद्धत होती, 'खिडकी बंद आहे'. एकदा काका डबा खाऊन परत बसले आणि पाटी काढायलाच विसरले. आत बसून वाट बघतायत, कोणी येईना. आज गर्दी नाही म्हणून खुशीत पेपर वाचत बसले. संध्याकाळी बाहेर आले तर लोक कंडक्टरांना, हमालांना, चहावाल्याला विचारत फिरत होते. एका म्हाताऱ्या जोडप्याची शेवटची गाडी चुकली होती. काकांनी त्या दोघांना रात्रीपुरतं घरी आणलं, जेवू घातलं. काकू हे हसत सांगत होत्या. काका मात्र तेवढ्यात उठून गॅलरीत गेले.

त्या पाटीचीच त्यांना धास्ती, आणि त्या पाटीचाच आग्रह. "काम चालू आहे तोवर त्या खिडकीवाल्याला आत डोकावू द्यायचं नाही. अर्धवट वेळापत्रक लावलं की लोक तेच पाठ करतात," असं त्यांचं पहिल्यापासून म्हणणं. मी शोधलं तर साच्यात तशी सोय होतीच. एका चौकोनात बरोबरची खूण केली की सर्चवाल्यांनी सध्या या साइटकडे फिरकू नये, असा निरोप जातो. मी काकांदेखत ती खूण केली. ते म्हणाले, "शाबास. बाहेर वर्तमानपत्र, आत पाटी."

पाडव्याला गुढी उभारली. काकूंच्या हातून काचेवरची वर्तमानपत्रं काढली, नारळ फोडला, मी बटण दाबलं आणि साइट सुरू झाली. आम्ही तिघं टाळ्या वाजवत होतो. काका निळं पेन उघडून स्टुलावर बसले. फोन वाजला. पुण्याची मावशी. पुन्हा वाजला. नणंद. काकांनी डायरीत 'ओळख' असं सदर आखलं आणि दोन रेघा मारल्या. 'अनोळखी' हे सदर शेजारीच आखलेलं होतं.

एक आठवडा गेला. मला माहीत होतं, सर्चमध्ये दिसायला वेळ लागतो. दहा दिवस गेले. 'ओळख' या सदरात रेघा मावेनात. सतरा दिवस गेले. आता मला भीती वाटू लागली. आम्ही सगळे शब्द टाकून बघितले, कुठेच नाव नाही. अठराव्या दिवशी मी आमच्या दुकानाचं पूर्ण नाव टाकलं. तेही दिसेना. इतर कुणाकुणाची, बंद पडलेली दुकानंसुद्धा दिसत होती. दुपारी माजिवड्याहून सरांचा निरोप आला, सहजच, कसं चाललंय म्हणून. त्याच संध्याकाळी मी काकांवर ओरडले.

"तुमचं ऐकलं म्हणून झालं हे! कूस काय, बसतं करणं काय. कोण शोधतं असं? सगळ्यांसारखं केलं असतं तर दिसलो तरी असतो. तुम्ही मोबाइलसुद्धा वापरत नाही आणि मी तुमच्या नादाला लागले!"

काका उठले. स्टूल उचललं. "पुढचा" म्हणाले नाहीत. त्यांच्या तोंडून तो शब्द निघाला नाही असं मी पहिल्यांदाच बघितलं आणि मला फार वाईट वाटलं. पण माझा स्वभाव असा, की वाईट वाटलं की मी आणखी फुगून बसते. मी त्यांना थांबवलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शटर उघडते तो काका पायरीवर उभे. दाढी केलेली नाही. म्हणाले, "एक विचारू? रागावू नकोस."

"विचारा."

"काचेवरची वर्तमानपत्रं काकूनं काढली. आतली पाटी कोणी काढली?"

मी धावत आत गेले, मशीन सुरू केलं. तो चौकोन उघडला. त्यात बरोबरची खूण होती, मी केली तश्शी. नारळ, गुढी, टाळ्या, सगळं रीतसर झालं होतं, आणि अठरा दिवस आमचं दुकान जगातल्या यच्चयावत सर्चला सांगत होतं, की इकडे फिरकू नका. काकांचे शब्द वाईट नव्हते. ते कोणी वाचलेच नव्हते!

मी किंचाळले. आधी संतापानं, मग हसू आलं, मग रडू आलं. काका पायरीवरून विचारत होते, "होती का? पाटी होती का?" मी म्हटलं, "होती काका, होती! चुकलं माझं, माफ करा मला." ते म्हणाले, "मी अर्धा दिवस पेपर वाचला होता. तू निदान वाट तरी बघत होतीस."

खूण काढली. सगळ्या पानांची यादी करून सर्चकडे रीतसर पाठवली, काका तिला वेळापत्रक म्हणायचे. औषधवाल्यानं स्वतःच्या दुकानाच्या पानावर आमचा पत्ता जोडला. नकाशावर दुकानाची खूण केली. आणि मग जे दिवस आले ते मी आयुष्यात विसरणार नाही. चौथ्या दिवशी दुकानाचं नाव दिसलं. सहाव्या दिवशी एक पान चौदाव्या जागी. काका पेन घेऊन, "आता कितवं?" दोन दिवसांनी, "नववं!" मी दुकानातून ओरडायचे, ते गॅलरीतून, आणि भाजीवाली खालून विचारायची, "लॉटरी लागली काय ओ?" साइटवर एक माणूस आला. मग तीन. मग सात. पण फोन वाजेना, आणि अक्षय तृतीया परवावर आली.

त्या दिवशी सकाळी साडेदहाला अनोळखी नंबर आला.

"हॅलो, ती हवेची गादी हाय ना तुमच्याकरं? आमचे आयला कूस नाय बदलता येत. खडवलीला पायजे. आज येल का?"

माझ्या तोंडातून आपोआप निघालं, "हो, मिळते. आज येईल."

पत्ता लिहून घेतला, फोन ठेवला आणि दुसऱ्याच क्षणाला माझ्या मनात पाल चुकचुकली. अक्षय तृतीयेला दोन दिवस असताना, नेमके डायरीतले शब्द? मी दोन-दोन पायऱ्या चढत वर गेले.

"काका, खडवलीला तुमचं कोण आहे?"

"कोणी नाही. का?"

"खरं सांगा. माझ्यासाठी कोणाला फोन करायला लावलात का?"

काकांचा चेहरा पडला. शांतपणे म्हणाले, "अगं बाई, मी त्या खिडकीत बसून जन्मात खोटं उत्तर दिलं नाही. गाडी रद्द असेल तर रद्द सांगितलं आणि शिव्या खाल्ल्या. तुझं दुकान बंद पडू नये म्हणून मी खोटा पॅसेंजर उभा करीन?" मग एकदम ताडकन उठले. "आणि तो माणूस वाट बघतोय ना? टेम्पो काढ! टिटवाळ्यावरून नको, फाटकाला अडकाल. पडघ्याच्या बाजूनं जा. फाट्यावर विचारून वळा."

मी टेम्पोत बसून स्वतःच गेले. खडवलीत घराबाहेर तो माणूस उभाच होता, चाळिशीचा, गळ्यात जाड साखळी, दाराशी नवी गाडी, आणि चेहरा तीन दिवस झोप न झाल्यासारखा. आत कॉटवर त्याची आई. आम्ही गादी पसरली, पंप लावला, तिला हळूच वर घेतलं. हवा एकीकडून भरू लागली, दुसरीकडून उतरू लागली आणि म्हातारीचं अंग आपसूक थोडं वळलं. तिनं डोळे मिटले. थोड्या वेळानं ती घोरायला लागली. तो माणूस भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

निघताना मी विचारलं, आमचा नंबर कुठे मिळाला. त्यानं मोबाइल काढून दाखवला. "मला टाइप-बिप नाय जमत ओ. मी त्याच्यात बोल्लो, आयला कूस बदलता येत नाय, काय करू. हे आलं वर." आमचंच कुशीचं पान. "पयल्यांदाच लिवलंय, हो, मिलते. म्हटलं, बस झालं. पुरचं वाचलाच नाय, डायरेक फोन लावला."

परत आले तर काका गाळ्यात स्टुलावर, निळं पेन उघडून. "काय बोलला तो? जसंच्या तसं सांग." मी सांगितलं, त्यांनी लिहिलं. 'अनोळखी' या सदरात पहिली रेघ मारली. मग लाल पेन माझ्या हातात दिलं. ते त्यांनी कधी कोणाला दिलं नव्हतं. "खरं काय हवं होतं त्याला, ते तू लिही." मी लिहिलं, 'कुणीतरी हो म्हणायला हवं होतं.' काकांनी वाचलं, चष्मा काढला, तो पुसत बसले.

ती डायरी आता माझ्याकडे आहे. काकांना जाऊन दोन वर्षं झाली. शेवटी आमच्याच दुकानातला पलंग दुसऱ्या मजल्यावर गेला, आणि त्यावर कुशीवाली गादी. मी पलंग वर करून विचारलं, "आता बरं वाटतं का काका?" आवाज पार खोल गेला होता, तरी त्यांनी आधी "हो" म्हटलं आणि मग सांगितलं, की उजवीकडचा कठडा करकरतो, तेल घाल.

पण मला काका आठवतात ते अक्षय तृतीयेच्या सकाळचे. मी गाळ्यात उभी, ते स्टुलावर. माजिवड्याहून सरांचा फोन आला. म्हणाले, "मग काय ठरलं? तुमची खुर्ची तशीच ठेवलीय. सोमवारपासून येताय ना?" मी त्यांना सगळी हकीकत सांगणार होते, आभार मानणार होते, दोन वाक्यं मनाशी जुळवूनही ठेवली होती. तेवढ्यात कानाशी टुक्-टुक् वाजायला लागलं. दुसरा फोन येत होता. मी स्क्रीन बघितली. अनोळखी नंबर.

"नाही येत, सर," मी म्हटलं. "मागे लाइन आहे."

काकांनी डायरीतून मान वर केली नाही. निळ्या पेनाचं टोपण काढलं आणि म्हणाले, "पुढचा!"